बाळंतपणातले टाके: धावदोरा की सुटे?

दहाव्या दिवशी बाळंतीण ओपीडीत आली की ती खुर्चीत कशी बसते ते मी आधी पाहते. एका कुल्ल्यावर भार देत, हाताने खुर्चीची कड धरून ती हळूहळू टेकली, की टाके कसे पडलेत याचा अंदाज टेबलावर तपासण्याआधीच येतो. तिला दिवसातून दहा-बारा वेळा बाळाला पाजायला बसायचं असतं. आपल्याकडे अजून कितीतरी घरांत संडास बसका असतो, जेवण पाटावर असतं, अंघोळ न्हाणीत उकिडवं बसून असते. टाका कसा घातला, यावर तिचे हे पहिले तीन आठवडे ठरतात. लेबर रूममध्ये मात्र हे काम बहुतेक वेळा सगळ्यात नवख्या माणसाच्या हाती पडतं, तेही रात्री तीन वाजता, शेजारच्या टेबलावरची बाई कळा देत असताना.

हा लेख त्या नवख्या हातांसाठी आहे: इंटर्न, पहिल्या वर्षाचे रेसिडेंट, प्रसूतिगृहातल्या सिस्टर. शिवायचं कसं हे प्रत्यक्ष ज्येष्ठांच्या नजरेखालीच शिकायचं. वाचून कुणी पहिला टाका घालू नये. पण हात कुठे आणि का जातोय हे आधी डोक्यात असलं, तर शिकणं लवकर होतं.

दोरा उघडण्याआधी

वार पडली आहे, गर्भाशय आवळलेलं आहे आणि रक्त वरून, म्हणजे गर्भाशयमुखातून येत नाही, ही खात्री पहिली. मग प्रकाश. मोबाइलच्या टॉर्चवर टाके घालू नका. दिवा नीट लावा, बाईच्या कमरेखालचा ओला कपडा बदला, तुम्ही स्टुलावर बसा. आणि तिला सांगा, "ताई, कुठे किती फाटलंय ते बघते, दुखलं तर लगेच सांगा." ही एक ओळ बोलायला पाच सेकंद लागतात.

आता फाटणं किती आहे ते ठरवायचं. पहिल्या श्रेणीत फक्त कातडी किंवा योनीचं आतलं अस्तर फाटतं. दुसऱ्या श्रेणीत त्याखालचे पेरिनियमचे, म्हणजे योनी आणि गुदद्वार यांच्यामधल्या भागाचे, स्नायू फाटतात, पण गुदद्वाराचा स्फिंक्टर, म्हणजे ते आवळून धरणारा गोल स्नायू, शाबूत असतो. तिसऱ्या श्रेणीत स्फिंक्टरला इजा असते. तिचे तीन पोटभाग आहेत: बाहेरच्या स्फिंक्टरची निम्म्याहून कमी जाडी फाटली तर ३अ, निम्म्याहून जास्त फाटली तर ३ब, आतला स्फिंक्टरही फाटला तर ३क. चौथ्या श्रेणीत गुदाशयाचं अस्तरही उघडं पडतं. एपिझिऑटमी, म्हणजे आपण स्वतः दिलेला छेद, साधारण दुसऱ्या श्रेणीत धरतात. पण छेद खाली वाढत स्फिंक्टरपर्यंत जाऊ शकतो, म्हणून तिथेही तपासणी तेवढीच काटेकोर हवी.

सर्वांत महाग पडणारी चूक इथेच होते. नुसतं वरवर बघून "सेकंड डिग्री" लिहून मोकळं होऊ नका. बाईला विचारून, हातमोजा घालून गुदद्वारातून तपासा. तर्जनी आत आणि अंगठा बाहेरच्या बाजूला ठेवा, आणि वात वळताना बोटं फिरतात तशी ती फिरवून मधला स्नायू चाचपा. शाबूत स्फिंक्टर सलग गोल दोरखंडासारखा लागतो. मध्येच पोकळ लागलं, किंवा गुदद्वाराभोवतीच्या चुण्या पुढच्या बाजूला नाहीशा झालेल्या दिसल्या, तर स्फिंक्टर तुटून त्याची टोकं दोन्हीकडे आत सरकली आहेत, असं समजा. बाहेरचा स्फिंक्टर लाल मांसासारखा दिसतो, आतला पांढुरका, कच्च्या मासळीच्या तुकडीसारखा. रंगातला हा फरक एकदा नीट पाहिला की पुढे विसरत नाही.

अशीच एक तपासणी मी रेसिडेंट असताना राहून गेली होती. पाच महिन्यांनी ती बाई आली ती बाळाला लस द्यायला. जाता जाता दाराशी थांबून तिने विचारलं, "मॅडम, वारा आवरत नाही, हे सगळ्यांनाच होतं का?" त्या दिवसापासून बोट घालून तपासल्याशिवाय मी सुई उचललेली नाही.

भूल

आपल्याकडे लेबर रूमच्या ट्रेमध्ये सहसा २ टक्के लिग्नोकेनची, म्हणजे जागा बधिर करणाऱ्या औषधाची, बाटली असते. पाश्चात्य पुस्तकांतलं "२० मिली" हे १ टक्क्याचं माप आहे, ते या बाटलीला लावाल तर औषध दुप्पट जाईल. अॅड्रेनलिन नसलेलं लिग्नोकेन वजनाच्या दर किलोला ४ मिलीग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका. ४५ किलोच्या बाईला १८० मिलीग्रॅम, म्हणजे १ टक्क्याचं १८ मिली किंवा २ टक्क्यांचं फक्त ९ मिली. ९ मिलीत सगळी जागा बधिर होत नाही, म्हणून तेवढंच सलाइन मिसळून १ टक्का करून घ्या. छेद देताना आधी दिलेली भूलही या हिशेबात धरायची.

सुई आत गेल्यावर सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना ते पाहा, मग सुई बाहेर काढत काढत औषध सोडा. अस्तराखाली, स्नायूत, कातडीखाली, सगळीकडे. दोन-तीन मिनिटं थांबा आणि चिमट्याने हलकं दाबून बघा. ती दचकली तर अजून थांबा. "आता एवढं सोसलं, थोडं आणखी सोस" हे वाक्य मी अनेक लेबर रूममध्ये ऐकलं आहे आणि ते बंद व्हायला हवं. कळा सोसल्या म्हणून सुई सोसायची, असा काही हिशेब नसतो.

दोरा कुठला

क्रोमिक कॅटगट अजूनही पुष्कळ ठिकाणी मिळतो आणि स्वस्त आहे म्हणून वापरला जातो. तो जनावराच्या आतड्यापासून बनतो. शरीर त्याला परकं प्रथिन समजून दाह करून विरघळवतं, म्हणून जागा जास्त सुजते आणि दुखते, आणि तो किती दिवस तग धरेल याचा भरवसा नसतो. पॉलिग्लॅक्टिन हा कृत्रिम दोरा पाण्याच्या क्रियेने विरतो, त्यामुळे दाह कमी होतो. पण साधं पॉलिग्लॅक्टिन पूर्ण विरायला ५६ ते ७० दिवस घेतं. जखम भरल्यावरही दोरा टोचत राहतो, आणि मग बाई "टाका काढून द्या" म्हणत येते.

म्हणून दुसऱ्या श्रेणीसाठी लवकर विरणारं पॉलिग्लॅक्टिन, २-० मापाचं, हाच माझा पहिला पर्याय. लेबर रूममध्ये सगळे त्याला रॅपिड म्हणतात. त्याची निम्मी ताकद पाचव्या दिवशी जाते, दहा ते चौदा दिवसांत ताण धरणं संपतं आणि साधारण ४२ दिवसांत ते नाहीसं होतं. पेरिनियमला रक्तपुरवठा भरपूर असतो, ते भरतंही तेवढ्याच वेगात, त्यामुळे ही मुदत पुरते. नेमका म्हणूनच हा दोरा स्फिंक्टरला चालत नाही.

धावदोरा आणि सुटे टाके: फरक कुठे पडतो

जुनी पद्धत तीन तुकड्यांची आहे. योनीच्या अस्तराला अडकवत नेलेला, म्हणजे काजासारखा, सलग टाका. स्नायूंना तीन-चार सुटे टाके. वर कातडीला पुन्हा सुटे टाके, प्रत्येकाची गाठ बाहेर. माझ्यासह बहुतेकांचा हात यावरच बसला आहे.

नवी पद्धत म्हणजे वरपासून खालपर्यंत आणि परत वर एकाच दोऱ्याचा धावदोरा. कुठेही अडकवायचं नाही, कातडीतून टाका बाहेर काढायचा नाही. ज्या घरात गोधड्या शिवल्या जातात तिथे हे तत्त्व समजावून सांगावं लागत नाही. धावदोऱ्याने शिवलेली गोधडी ओढली तर ताण सगळ्या दोऱ्यावर वाटला जातो. तीच गोधडी चार ठिकाणी गाठी मारून जोडली तर प्रत्येक गाठीशी कापड चुरगळतं. प्रसूतीनंतर जागा दोन-तीन दिवस सुजतेच. सुटा टाका सूज आली की आवळतो आणि मांसात रुततो. धावदोरा सुजेबरोबर थोडा सरकून जागा देतो. शिवाय वेदनेचे तंतू कातडीत सर्वांत दाट असतात, आणि या पद्धतीत कातडीच्या पृष्ठभागाला सुई लागत नाही.

हा नुसता तर्क नाही. इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंट इथे ख्रिस्तीन केटल या मिडवाइफच्या पुढाकाराने १५४२ स्त्रियांवर अभ्यास झाला, तो २००२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. दहाव्या दिवशी दुखत होतं अशा स्त्रिया सुट्या टाक्यांच्या गटात ४४ टक्के होत्या, धावदोऱ्याच्या गटात २६.५ टक्के. पुढे २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, १६ चाचण्या आणि ८१८४ स्त्रियांची माहिती एकत्र केली गेली, आणि कौल तोच आला: सलग टाक्यांनी पहिल्या दहा दिवसांतलं दुखणं कमी, वेदनाशामकं कमी, टाके काढण्याची वेळही कमी.

"एक दोरा तुटला तर सगळंच उसवेल ना?" हा प्रश्न मला दर बॅचला कुणीतरी विचारतं. शंका रास्त आहे. पण पुन्हा शिवावं लागण्याचं प्रमाण धावदोऱ्यात वाढलेलं दिसलेलं नाही. पहिला टाका आणि शेवटची गाठ नीट असेल तर तो टिकतो. वर एकच पाकीट पुरतं, आणि हे सरकारी रुग्णालयात लहान कारण नाही.

एका दोऱ्यात, टप्प्याटप्प्याने

आधी गॉझची गुंडाळी योनीत वर ठेवा म्हणजे गर्भाशयातलं रक्त मध्ये येणार नाही. तिचं शेपूट बाहेर काढून चिमट्याने कपड्याला अडकवा आणि मोठ्याने सांगा, "सिस्टर, एक टँपॉन आत." साध्या गॉझचा सुटा बोळा कधीही आत घालू नका.

मग फाटलेल्या जागेचं वरचं टोक शोधा. दोन बोटांनी योनी रुंद करा आणि टोक दिसेपर्यंत शोधत राहा. ते दिसत नसेल तर शिवायला सुरुवात करू नका. मदतनीस बोलवा, गरज पडली तर ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, न्या. दिसलं की त्याच्या साधारण १ सेंटिमीटर वर पहिला टाका घ्या आणि गाठ मारा. इतक्या वर यासाठी, की फाटलेल्या रक्तवाहिन्या टोकाच्या मागे आखडून गेलेल्या असतात. त्या टाक्यात आल्या नाहीत, तर रात्रीतून आत रक्त साठून हेमॅटोमा होतो.

आता अस्तर. दोन्ही कडा समपातळीत धरून, साधारण १-१ सेंटिमीटरवर, सैलसर धावदोरा खाली आणा. सुई तळापर्यंत जायला हवी म्हणजे खाली पोकळी राहणार नाही, पण तळ आणि गुदाशय यांच्यात अंतर फार थोडं असतं, याचं भान ठेवा. अडकवत जाण्याचा मोह होईल. तो टाळा, कारण अडकवलेला टाका ओढला की योनीची लांबी आखडते. हायमेनच्या, म्हणजे योनीमुखाशी असलेल्या पातळ पडद्याच्या, उरलेल्या कडांशी पोहोचलात की त्या दोन कडा समोरासमोर येतात ना ते बघा. पुढचं सगळं या खुणेवर अवलंबून आहे. इथे अर्ध्या सेंटिमीटरची चूक झाली तर खाली कातडीत ती ठसठशीत दिसते.

हायमेनच्या कडेमागून सुई स्नायूंच्या थरात उतरवा. फाटलेले स्नायू दोन्ही बाजूंना मागे सरकलेले असतात, त्यांना शोधून टाक्यात घ्यायचं. खोल असेल तर दोन थर, नाहीतर एक. दोरा फक्त कडा भेटतील एवढाच ओढा. मी मुलींना सांगते: मांस पांढरं पडलं म्हणजे तुम्ही गळा आवळलात. स्नायू नीट जुळले की कातडी जवळजवळ आपोआप मिटलेली दिसते. तशी दिसली नाही तर स्नायूंचा थर पुन्हा तपासा, कातडी ओढून ती उणीव झाकू नका.

खालच्या टोकाशी पोहोचल्यावर सुई उलटी फिरवा आणि कातडीच्या लगेच खालून, तुरपाईसारखे आडवे लपते टाके घेत वर या. डावीकडचा टाका जिथून बाहेर निघाला त्याच्या बरोबर समोर उजवीकडचा घालायचा. फार वर, थेट कातडीतच घेतलात तर टोचतं. हायमेनपाशी परत आलात की सुई योनीत न्या आणि शेवटची गाठ हायमेनच्या मागे, आत मारा. त्यासाठी अॅबर्डीन गाठ सोयीची: क्रोशाच्या साखळीसारखे दोन-तीन फास एकातून एक ओढायचे आणि शेवटी दोरा आरपार काढायचा. बसताना टेकते त्या जागी एकही गाठ राहत नाही.

सरावाला जाड स्पंज घ्या, त्याला चीर द्या, दोन रंगांच्या पेनांनी थर रंगवा. वीस वेळा स्पंजावर झालं की बाईवर पहिल्यांदा करताना हात थरथरत नाही.

सुटे टाके कधी

कडा फाटून तारेसारख्या चिरफळ्या झाल्या असतील, मांस ठिसूळ असेल, किंवा एखादी रक्तवाहिनी वाहत असेल, तर तिथे सुटा टाका घ्यावाच लागतो. तेवढ्या जागी घ्या आणि पुढे धावदोरा चालू ठेवा. सवयीपोटी सगळं सुटं शिवायला मात्र आता कारण उरलेलं नाही.

कातडी न शिवता सोडण्याचा पर्यायही खरा आहे. इंग्लंडमधल्या इप्सविचमध्ये १७८० स्त्रियांवर झालेल्या आणि १९९८ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात, स्नायू शिवून कातडीच्या कडा अर्ध्या सेंटिमीटरच्या आत भेटत असतील तर ती तशीच ठेवली. तीन महिन्यांनी संबंधाच्या वेळचं दुखणं या गटात कमी होतं. मी हे कमी वेळा करते. कडा जरा उघड्या दिसल्या की घरचे घाबरतात, आणि फोनवर समजूत घालणं अवघड जातं. पहिल्या श्रेणीत रक्त येत नसेल आणि कडा जुळत असतील तर बहुधा काहीच लागत नाही; काही ठिकाणी कातडीचा गोंद वापरतात, त्याला वेळ आणि दुखणं दोन्ही कमी. दोन्ही लेबिया, म्हणजे योनीमुखाच्या दोन बाजूंच्या पाकळ्या, समोरासमोर खरचटल्या असतील तर मात्र शिवा, नाहीतर त्या एकमेकींना चिकटून भरतात. मूत्रद्वाराजवळ शिवायचं असेल तर आधी कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घाला.

स्फिंक्टर फाटला असेल तर

हात थांबवा. गॉझ दाबून ठेवा, सलाइन लावा, ज्येष्ठ डॉक्टरांना बोलवा किंवा वरच्या रुग्णालयात पाठवा. योग्य हातांत दिलेला थोडा उशीर चालतो, घाईतला टाका चालत नाही. हे काम ओटीत, स्पायनल किंवा पूर्ण भुलीखालीच करायचं, कारण स्नायू सैल झाल्याशिवाय आत सरकलेली टोकं ओढून आणता येत नाहीत.

क्रम आतून बाहेर. गुदाशयाचं अस्तर ३-० पॉलिग्लॅक्टिनने, सलग किंवा सुटं. आतला स्फिंक्टर वेगळा ओळखून वेगळा शिवायचा, टोकाला टोक लावून. तो एकावर एक चढवायचा नाही. बाहेरच्या स्फिंक्टरची टोकं अॅलिस चिमट्यांनी धरून ३-० पीडीएस (हळू विरणारा कृत्रिम दोरा) किंवा २-० पॉलिग्लॅक्टिनने जोडायची. अर्धवट फाटला असेल तर टोकाला टोक. पूर्ण तुटला असेल तर टोकाला टोक किंवा एकावर एक, दोन्ही मान्य आहेत. एकावर एक चढवलेल्या स्त्रियांना वर्षभराने शौचाची घाई कमी जाणवली, पण तीन वर्षांनी दोन्ही गट सारखेच होते. म्हणून सर्जनचा हात ज्यावर बसला आहे ती पद्धत निवडावी. आठाच्या आकड्याचे टाके टाळा, ते रक्तपुरवठा आवळतात. गाठी वरच्या स्नायूंखाली पुरून टाका, नाहीतर पीडीएसची टोकं महिनोन्महिने टोचतात. अँटिबायोटिक इथे द्यायचंच, आणि पुढचे काही दिवस लॅक्टुलोजसारखं शी मऊ ठेवणारं औषध.

टाके झाल्यावर, आणि घरी

गुंडाळी काढा. गॉझ आणि सुया मोजा, सिस्टरकडूनही मोजून घ्या. पुन्हा एकदा गुदद्वारातून बोट घालून एखादा टाका गुदाशयात गेला नाही ना ते पाहा. गेला असेल तर उसवून पुन्हा शिवा. श्रेणी, दोरा, पद्धत, मोजणी हे सगळं केसपेपरवर लिहा. दम्याचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास, वाढलेलं बीपी, जास्त रक्तस्राव यांपैकी काही नसेल तर दुसऱ्या श्रेणीनंतर डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारात ठेवायची गोळी, रात्र सुखाची करते. साध्या दुसऱ्या श्रेणीला अँटिबायोटिकची गरज नसते. आपल्याकडे ती सवयीने लिहिली जातात.

घरी जाताना आजीशी किंवा सासूबाईंशीही बोला, कारण पुढचे चाळीस दिवस त्यांचा शब्द चालतो. पहिले दोन दिवस कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा-दहा मिनिटं. शी-शू नंतर पुढून मागे पाणी ओतून धुणं आणि टिपून कोरडं करणं. ओवा-शेपाची धुरी खाली घेऊ नये. बधिर किंवा सुजलेल्या जागेला निखाऱ्याची धग कळत नाही, भाजलेले टाके मी पाहिले आहेत. डिंकाचे लाडू खुशाल खा, अळीव खा, पण "बाळंतिणीला पाणी कमी" हे ऐकू नका. पाणी कमी पडलं की शी कडक होते आणि कुंथताना ताण थेट टाक्यांवर येतो. ताप, घाण वास, पू, अचानक वाढलेलं ठणकणं, जागा उघडलेली दिसणं, यापैकी काहीही झालं तर दहाव्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी यायचं.

सहा आठवड्यांच्या तपासणीला बाई येते तेव्हा बरोबर कुणीतरी असतंच. बाळाला त्यांच्याकडे देऊन त्यांना बाहेर बसवा, दार लावा, आणि मग सरळ विचारा: वारा आवरता येतो का? शीची घाई लागली तर संडासापर्यंत पोहोचता का? कपड्याला डाग लागतात का? नवऱ्याजवळ जाताना दुखेल अशी भीती वाटते का? पहिल्या प्रश्नाला ती बहुतेक वेळा नुसती मान हलवते. थोडं थांबा. दुसऱ्यांदा विचारल्यावर ती बोलू लागते.